मूत्राची साक्ष आणि देहाचे आपलेपण

देह आणि आत्मा यांचा संबंध काय, हा भारतीय तत्त्वचिंतनातला अत्यंत जुना प्रश्न असला, तरी त्याच्या चर्चेत एक गोष्ट बहुतेक सर्व पक्षांनी गृहीत धरलेली दिसते, ती ही की देह जन्मापासून मरणापर्यंत एकाच व्यक्तीचा असतो आणि त्याची हद्द कुठे संपते हे कोणाला विचारावे लागत नाही. देहाहून आत्मा निराळा मानणारे सांख्य आणि वेदान्ती असोत, देहालाच आत्मा म्हणणारे चार्वाक असोत, की देहात कोणी स्वामी नाहीच असे प्रतिपादणारे बौद्ध असोत, त्यांच्यातला वाद मुख्यतः देहाच्या मालकाविषयी होता. देहातले आपले कोणते आणि परके कोणते, हा प्रश्न क्वचितच कोणी स्वतंत्रपणे हाताळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या मूलपेशी प्रत्यारोपणाने, ज्याला रोजच्या बोलण्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात, हा प्रश्न ग्रंथांतून काढून रुग्णालयातल्या खाटेवर आणून ठेवला आहे, आणि विलक्षण वाटले तरी त्याच्या उत्तराचा एक भाग आज रुग्णाच्या मूत्रात शोधला जात आहे.

हाडांच्या पोकळीत असलेल्या अस्थिमज्जेत रक्तातल्या सर्व पेशींना जन्म देणाऱ्या पेशी असतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. रक्ताचा कर्करोग, मज्जेचे काम बंद पडणे किंवा थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार यांत ही मज्जाच बिघडलेली असते, म्हणून तीव्र केमोथेरपीने, कधी किरणोपचाराची जोड देऊन, आधी ती नष्ट किंवा निष्प्रभ करतात आणि मग दात्याच्या मूलपेशी साध्या रक्ताच्या पिशवीप्रमाणे टांगून शिरेवाटे सोडतात. त्या सोडताना रुग्णाच्या अंगावर शस्त्र चालत नाही की टाका पडत नाही. पेशी रक्तातून फिरत फिरत आपणहून मज्जेत जाऊन बसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात. अमेरिकी वैद्य ई. डोनल थॉमस यांनी या उपचाराचे आरंभीचे प्रयत्न 1957 मध्ये प्रसिद्ध केले आणि 1990 चे नोबेल पारितोषिक त्यांना जोसेफ मरे यांच्यासह मिळाले. भारतातले पहिले असे प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. उपचार यशस्वी झाल्यावर रुग्णाची त्वचा, यकृत, आतडे, मेंदू ही सारी पूर्वीचीच राहतात, परंतु रक्त दात्याचे होते, इतके की दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगट बदलतो आणि त्याच्या रक्तातला डीएनए तपासला तर तो दात्याचा निघतो.

वेताळपंचविशीतल्या एका कथेत एका स्त्रीचा पती आणि दुसरा एक पुरुष यांची डोकी चुकून एकमेकांच्या धडांवर बसतात आणि आता यांपैकी त्या स्त्रीचा पती कोणता असे वेताळ राजाला विचारतो, तेव्हा ज्या धडावर पतीचे शिर तोच पती, असा निवाडा राजा देतो, कारण सर्व अंगांत शिर श्रेष्ठ. हा निवाडा मूलपेशी प्रत्यारोपणालाही लावता येईल: मेंदू रुग्णाचा, स्मृती रुग्णाची, म्हणून व्यक्ती तीच. कायद्याला आणि कुटुंबाला एवढे उत्तर पुरते. देहाला मात्र ते पुरत नाही, कारण नव्या रक्ताबरोबर जी प्रतिकारयंत्रणा आलेली असते ती स्वतःचा निवाडा स्वतः देते, आणि तो देताना शिराकडे पाहत नाही.

प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी शरीरातल्या इतर पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने सतत चाचपत असतात आणि परके दिसेल त्यावर हल्ला चढवतात. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी 1949 च्या सुमारास या व्यवहाराला ‘स्व’ आणि ‘स्वेतर’ अशा तत्त्वज्ञानातून उसन्या घेतलेल्या परिभाषेत मांडले. परंतु हा भेद जन्मजात नसून शिकलेला असतो असे मानण्यास आधार त्याआधीच मिळाला होता. रे ओवेन यांनी 1945 मध्ये दाखवले होते की गर्भाशयात ज्यांचा रक्तप्रवाह एकमेकांत मिसळतो अशी जुळी वासरे पुढे आयुष्यभर एकमेकांच्या रक्तपेशी बिनतक्रार वागवतात. त्याच धाग्याने पीटर मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी 1953 मध्ये उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केले की गर्भावस्थेतच परक्या पेशींची ओळख करून दिली, तर मोठेपणी उंदीर त्या परक्याची त्वचाही आपली म्हणून स्वीकारतो. याचा तात्त्विक अर्थ साधा नाही. देहाचे आपलेपण हे देहाबरोबर जन्माला आलेले लक्षण नसून ते एका विशिष्ट काळात, विशिष्ट सहवासात घडलेले असते, आणि म्हणून ते मोडू शकते व पुन्हा घडूही शकते.

प्रत्यारोपणानंतर ते कसे मोडते हे ज्या विकारात दिसते त्याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज, संक्षेपाने जीव्हीएचडी, म्हणतात. मूत्रपिंड बसवले की यजमान देह त्या मूत्रपिंडाला परके ठरवण्याची भीती असते. येथे उलट घडते, आलेल्या पेशीच यजमान देहाला परके ठरवतात. तळहातांवर आणि तळपायांवर लाल पुरळ उठते, यकृत बिघडून कावीळ होते, आतड्याचे अस्तर झडून पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, आणि आजार तीव्र असेल तर तो प्राणावर बेततो. असे होण्यास तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, असे बिलिंगहॅम यांनी 1966 मध्ये मांडले: आलेल्या पेशी प्रतिकारक्षम असाव्या लागतात, यजमानात दात्याकडे नसलेले काही असावे लागते, आणि यजमान त्या पेशींना हुसकावून लावण्याइतका समर्थ नसावा लागतो. ऊतींची जुळणी ज्यांवरून ठरते ती एचएलए नावाची प्रथिने सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. पण तशी पूर्ण जुळणी असूनही हा विकार होऊ शकतो, कारण बारीकसारीक भेद उरतातच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण तिच्यावाचून पुढची सारी चर्चा भाबडी होईल. दात्याच्या पेशींचे हे वैर नुसते अरिष्ट नव्हे. अमेरिकेत सिएटल येथील गटाने 1979 मध्ये दाखवून दिले की ज्या रुग्णांना जीव्हीएचडी झाला त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण कमी होते, कारण ज्या पेशी त्वचेला परकी म्हणतात त्याच लपून राहिलेल्या कर्कपेशींनाही परक्या म्हणून मारतात. पुढे दात्याच्या पेशींतून टी-पेशी काढून टाकण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा जीव्हीएचडी कमी झाला खरा, पण कर्करोग उलटणे वाढले आणि कित्येकदा नवी मज्जा रुजेनाशी झाली. म्हणजे या देहाला संपूर्ण शांतता परवडणारी नसते. त्याला हवे असते ते आपले आणि परके यांतले असे तारतम्य, जे कर्कपेशीला सोडणार नाही आणि आतड्याला छळणार नाही.

देह आपला की परका, हा प्रश्न एका कथेत फार पूर्वी येऊन गेला आहे, आणि ती कथा मराठी वाचकांना फारशी परिचित नाही. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या आणि आज केवळ कुमारजीवाच्या पाचव्या शतकारंभीच्या चिनी भाषांतरातून उपलब्ध असलेल्या महाप्रज्ञापारमिताशास्त्र या ग्रंथात ती येते. प्रवासाला निघालेला एक मनुष्य रात्री एका ओसाड घरात मुक्कामाला राहतो. मध्यरात्री एक राक्षस खांद्यावर प्रेत टाकून येतो, त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि प्रेत कोणाचे यावरून दोघांची जुंपते; शेवटी ते त्या मनुष्यालाच साक्षीदार करतात. काहीही उत्तर दिले तरी मरण अटळ आहे हे ओळखून तो खरे तेच सांगतो, की प्रेत पहिल्याने आणले. दुसरा राक्षस चिडून त्याचा हात उपटतो, तोच पहिला राक्षस प्रेताचा हात काढून त्याच्या खांद्याला जोडतो. असे करता करता हात, पाय, मस्तक, धड सारे बदलून जाते. मग दोघे राक्षस त्याचे मूळचे अवयव खाऊन, तोंडे पुसून निघून जातात. मागे उरलेला मनुष्य विचार करू लागतो की आईबापांनी दिलेला देह तर आपल्या डोळ्यांदेखत खाल्ला गेला, आता जो आहे तो सर्वस्वी दुसऱ्याचा, तेव्हा आपल्याला देह आहे म्हणावे की नाही? दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला तो हेच विचारत सुटतो. भिक्षू त्याला सांगतात की तुझा देह आज परका झाला असे नाही, तो आरंभापासूनच कोणाचा नव्हता. आणि त्या मनुष्याला अर्हत्पद लाभते.

मूलपेशी प्रत्यारोपणाच्या दृष्टीने ही कथा वेताळाच्या कथेपेक्षा खोल आहे, कारण ती मालकीचा वाद एका अवयवाच्या बाजूने निकालात काढत नाही, वादाचे मूळच उखडते. तरीही तिच्यात एक उणीव राहते. प्रेताचे हातपाय त्या मनुष्याच्या अंगाला जोडले जातात ते मुकाट्याने. ते त्याला विचारत नाहीत की तू कोण. खऱ्या प्रत्यारोपणात आलेल्या पेशी नेमके हेच विचारतात आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास शस्त्र उपसतात. देह मुळातच कोणाचा नाही, असे कबूल केले तरी भागत नाही, कारण मालक नसलेल्या घरातही एकत्र राहणाऱ्यांना एकमेकांशी जमवून घ्यावेच लागते. तेव्हा अनात्मवादाने अर्धे काम केले, असे म्हणावे लागते: स्वामी नाही हे त्याने सांगितले, पण स्वामी नसताना आपलेपण कसे टिकते याचे वर्णन त्याने केले नाही.

ते टिकते आहे की मोडू लागले आहे, हे कळण्याची आजवरची रीत म्हणजे लक्षणे दिसण्याची वाट पाहणे आणि मग ऊतीचा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. प्रत्यारोपणानंतरच्या आठवड्यांत रक्तातल्या बिंबिका, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, फार कमी असतात, पांढऱ्या पेशीही पुरेशा नसतात, आणि अशा वेळी आतड्यातून तुकडा घेणे म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग या दोहोंना निमंत्रण देणे होय. शिवाय पुरळ औषधानेही येते, जुलाब विषाणूनेही होतात, आणि तुकडा पाहूनही निदान नेहमी निःसंशय होते असे नाही. म्हणून देहाला इजा न करता, त्याने आपणहून बाहेर टाकलेल्या द्रव्यावरून आतली अवस्था ओळखण्याचे प्रयत्न सुरू झाले.

ही कल्पना नवी नाही. योगरत्नाकरात सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या लगोलग मूत्राचा क्रम लागतो, आणि पहाटेच्या मूत्रावर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो, कोणत्या दिशेला सरकतो, की बुडतो, यावरून रोग साध्य की असाध्य ते सांगण्याची पद्धत तेथे दिली आहे. त्या पद्धतीतली भाकिते आज प्रमाण मानता येणार नाहीत. परंतु तिच्यामागचा आग्रह महत्त्वाचा आहे. मनुस्मृतीने देहाच्या बारा मलांत मूत्र गणले, बौद्धांच्या कायगतास्मृतीत देहाविषयीची आसक्ती सुटावी म्हणून ज्या अंगांचे चिंतन करायचे त्यांतही ते आहे, आणि धर्माच्या अंगाने पाहता मूत्र म्हणजे जे ‘मी’ नाही त्याचे जणू ठळक उदाहरण. आयुर्वेदाने मात्र दोष आणि धातू यांच्या जोडीला मलांनाही देहाच्या मुळाशी बसवले. सुश्रुताच्या मते ही तिन्ही मिळून देह तोलून धरतात. अशुचि म्हणून दूर सारणे आणि साक्षी म्हणून जवळ करणे या दोन्ही दृष्टी एकाच संस्कृतीत नांदल्या, आणि त्यांतली दुसरी अधिक धीट होती असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे.

जर्मनीतील हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात एवा वाइसिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी हाराल्ड मिशाक यांच्या साहाय्याने जी परीक्षा विकसित केली आणि जिचे आरंभीचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले, ती समजून घेण्यासारखी आहे. मूत्रात प्रथिनांचे हजारो बारीक तुकडे असतात; त्यांना पेप्टाइड म्हणतात. मूत्राचा नमुना शुद्ध करून केसाइतक्या बारीक नळीतून उच्च विद्युत्‌दाबाखाली सोडला, की हे तुकडे त्यांचा विद्युत्‌भार आणि आकार यांनुसार पुढेमागे होत वेगळे होतात, आणि नळीच्या टोकाशी जोडलेले वस्तुमानमापक यंत्र प्रत्येक तुकड्याचे वजन टिपते. रक्त काढताक्षणी गोठू लागते आणि त्यातले तुकडे बदलत राहतात. मूत्र मात्र मूत्राशयात काही तास राहिलेले असल्यामुळे त्यातली तोडफोड बरीचशी आधीच होऊन गेलेली असते आणि नमुना स्थिर राहतो. या हजारोंपैकी पुढे निवडलेल्या 17 पेप्टाइडांचा एक विशिष्ट नमुना, ज्यात ऊतींना बांधून ठेवणाऱ्या कोलाजेन या प्रथिनाचे तुकडेही येतात, तीव्र जीव्हीएचडीची बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वी सरासरी दोन आठवडे बदललेला आढळतो. पुरळ नाही, कावीळ नाही, जुलाब नाहीत, रुग्ण बरे वाटते म्हणून सांगतो आहे, आणि तरीही आतल्या बांधणीचे धागे सुटू लागल्याची खूण बाटलीत उतरलेली असते.

हे कोणत्या प्रकारचे ज्ञान आहे, याचा विचार करताना न्यायदर्शनाची परिभाषा अत्यंत उपयोगी पडते. परिणामावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला नैयायिक शेषवत् म्हणतात. नदीला आलेल्या पुरावरून वर कुठे तरी पाऊस झाला असे जाणणे हे त्याचे ठरलेले उदाहरण. पेप्टाइडांचा बदललेला नमुना हा येथे हेतू, म्हणजे खूण, आणि सुरू झालेला पण न दिसणारा विकार हे साध्य. अनुमान खरे ठरायला या दोहोंत व्याप्ती लागते, म्हणजे जिथे खूण तिथे साध्य असा कधीही न चुकणारा संबंध. तसा तो येथे नाही. चारशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांना विकार होणार होता त्यांपैकी सुमारे 82 टक्क्यांना या परीक्षेने ओळखले, आणि ज्यांना होणार नव्हता त्यांपैकी सुमारे 77 टक्क्यांना निर्दोष ठरवले. या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो: शंभर रुग्णांपैकी पंधरांना तीव्र विकार होणार आहे असे धरले, तर परीक्षा त्यांपैकी बारांना हेरील, परंतु उरलेल्या पंचाऐंशींपैकी सुमारे वीस जणही धोक्यात आहेत असे ती सांगेल. साध्य नसताना आढळणाऱ्या अशा खुणेला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात आणि त्यावरून केलेले अनुमान सदोष मानतात. त्यांचे दुसरे बारीक निरीक्षणही येथे लागू पडते: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धुराला ओले सरपण ही आणखी एक अट लागते, जिला ते उपाधी म्हणतात. पेप्टाइडांच्या बाबतीत जंतुसंसर्ग, औषधांनी मूत्रपिंडाला बसलेला धक्का, अशा कितीतरी उपाधी संभवतात.

हा काथ्याकूट नव्हे. जे वीस जण चुकीने धोक्यात ठरले त्यांना खबरदारी म्हणून स्टेरॉइड दिले, तर त्यांची प्रतिकारशक्ती दबते, बुरशीला आणि विषाणूंना वाट मोकळी होते, आणि ज्या वैरामुळे कर्कपेशी मरत होत्या ते वैरही थंडावते. परीक्षेत सुई टोचावी लागत नाही म्हणून ती अहिंसक, असे म्हणणे अपुरे आहे. जैन विचाराने प्रत्यक्ष कृतीतली हिंसा आणि तिच्यामागच्या प्रमादातली हिंसा यांत फरक केला आणि दुसरीलाही तितकेच गंभीर मानले. त्या न्यायाने, व्याप्ती नसलेल्या खुणेवर व्याप्ती असल्यासारखा विश्वास टाकणे हा प्रमादच होय, मग नमुना कितीही वेदनारहित रीतीने घेतलेला असो. उलट, खुणेच्या मर्यादा ओळखून, ती इतर लक्षणांशी आणि रक्ताच्या तपासण्यांशी ताडून पाहिली, तर जो तुकडा काढावा लागला असता तो न काढता येणे ही रुग्णावरची खरी करुणा ठरते.

मूत्राची साक्ष केवळ दाता आणि रुग्ण या दोघांपुरती थांबती, तर आपलेपणाचा प्रश्न निदान दोन पक्षांचा राहिला असता. जर्मनीतल्याच रेगेन्सबुर्ग येथील डानिएला वेबर, एर्न्स्ट होलर आणि त्यांचे सहकारी यांनी तिसरा पक्ष पुढे आणला. डाळी, दूध, अंडी यांतून मिळणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आतड्यातल्या काही जिवाणूंच्या हाती पडले की ते त्यापासून इंडोल नावाचे द्रव्य बनवतात. मानवी पेशींना हे करता येत नाही. हे इंडोल रक्तात शोषले जाते, यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते, आणि मूत्रपिंडे ते मूत्रावाटे बाहेर टाकतात. म्हणून मूत्रात हे द्रव्य किती आहे यावरून आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती किती भरभराटीत आहे ते कळते. प्रत्यारोपणानंतर द्यावी लागणारी प्रतिजैविके ही वस्ती उजाड करतात, आणि ज्या रुग्णांच्या मूत्रात पहिल्या दहा दिवसांत हे द्रव्य फार कमी आढळले त्यांच्यात प्रत्यारोपणाशी निगडित मृत्यू अधिक झाले, असे या गटाने 2015 मध्ये दाखवले. आज हे द्रव्य यंत्राने मोजतात. पण त्याची जुनी प्रयोगशाळेतली परीक्षा डोळ्यांना दिसणारी आहे. मूत्रात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फेरिक क्लोराइड घालून वर थोडे क्लोरोफॉर्म मिसळले आणि परीक्षानळी हलवून ठेवली, की तळाशी बसणारा क्लोरोफॉर्मचा थर निळा होतो, आणि तो निळा रंग म्हणजे साक्षात नीळ असते, वनस्पतीपासून काढतात त्याच रचनेची.

याच द्रव्याची दुसरी बाजू अशी की मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसात ते साठून राहते आणि विषासारखे वागते. एका देहात जे विष, ते दुसऱ्यात सुस्थितीची खूण. शुचि आणि अशुचि ही द्रव्याची लक्षणे नसून व्यवस्थेतल्या त्याच्या स्थानाची आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. आणि प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या एका बाटलीत किती जणांची साक्ष असते ते पाहिले, तर जन्मजात मालकीची कल्पना फार तोकडी वाटू लागते: मूत्राशयाच्या अस्तरातून झडलेल्या पेशी रुग्णाच्या, त्यांत मिसळलेल्या पांढऱ्या पेशी दात्याच्या, आणि इंडॉक्सिल जिवाणूंच्या मेहनतीचे. यांतले कोणते आपले, या प्रश्नाला उत्तर एवढेच देता येते की जोवर या सर्वांचा सहवास सुरळीत चालू आहे तोवर सारेच आपले.

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटले आहे आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायावर केलेला विस्तार मराठी वाचकांच्या मनात खोल रुजलेला आहे. या दृष्टीने कोणी म्हणेल की पेशी दात्याच्या असोत की जिवाणूंच्या, ती सारी क्षेत्राची उलथापालथ आहे. जाणणारा निराळा आणि अखंड आहे. या भूमिकेचे बळ कमी लेखता येणार नाही, कारण पुरळाची आग आणि पोटातली कळ ही दात्याला होत नाही, जिवाणूंना होत नाही, ती त्या एकाच रुग्णाला होते, आणि दुःख भोगणाऱ्याचे हे एकपण कोणत्याही यंत्राच्या आलेखात विरघळत नाही. मात्र क्षेत्रज्ञ क्षेत्राला जाणतो हे सूत्र व्यवहारात लावू गेले, तर मूत्रपरीक्षा त्यालाच छेद देते: क्षेत्रात सुरू झालेला विध्वंस रुग्णाला ठाऊक नसतो, दूरच्या खोलीतल्या यंत्राला दोन आठवडे आधी ठाऊक असतो. वेदान्ती अर्थातच म्हणेल की साक्षीचे ज्ञान आणि रोगाची माहिती या निराळ्या गोष्टी आहेत, आणि शास्त्राच्या चौकटीत ते उत्तर निर्दोष आहे. परंतु खाटेवरच्या माणसाच्या दृष्टीने त्यातून एक जबाबदारी निर्माण होते. त्याच्या देहाविषयीचे असे ज्ञान, जे त्याला स्वतःला नाही, ते त्याला सांगायचे की नाही, आणि सांगायचे तर कधी व किती निश्चयाने, हे वैद्याच्या सोयीवर सोडता येत नाही. दोन आठवडे न घडलेल्या आजाराची धास्ती घेऊन जगणे हेही दुःखच आहे, आणि ते भोगणाराही तोच एकटा असतो. म्हणून नमुना घेण्याआधीच त्याची इच्छा विचारणे हे क्षेत्रज्ञाला मान देण्याचे अगदी साधे, पण अनेकदा राहून जाणारे पाऊल आहे. दाता लहान भावंड असेल, जसे थॅलेसेमियाच्या मुलांच्या बाबतीत कित्येकदा असते, तर त्या भावंडालाही समजेल अशा भाषेत सांगावे लागते की दादाच्या अंगावर उठलेल्या पुरळाचा दोष त्याच्याकडे नाही.

मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सहसा जन्मभर घ्यावी लागतात, कारण त्याचा देह त्या मूत्रपिंडाला आपले म्हणायला सहसा तयार होत नाही. मूलपेशी प्रत्यारोपण झालेल्या पुष्कळ रुग्णांची ही औषधे मात्र काही महिन्यांत किंवा काही वर्षांत हळूहळू कमी करून अखेर बंद करता येतात. दात्याच्या मूलपेशींपासून नव्याने घडणाऱ्या टी-पेशी यजमानाच्याच छातीतल्या थायमस ग्रंथीत वाढतात, तेथे यजमानाशी वैर धरणाऱ्या पेशी गाळल्या जातात, आणि इतरांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही तयार होतात; ओवेन यांच्या वासरांनी गर्भात जे साधले ते येथे प्रौढ वयात, यातनांतून, दुसऱ्यांदा साधले जाते. राक्षसांच्या कथेतल्या भिक्षूंनी त्या मनुष्याला जे सांगितले त्यात एवढी भर घालता येईल की जो देह आरंभापासून कोणाचा नव्हता, तो पुन्हा कोणाचा तरी होऊ शकतो, परंतु ते होणे सहवासाने कमवावे लागते. आणि ते एकदाच कमवून ठेवता येत नाही. औषधे कमी करताना किंवा बंद केल्यानंतर, कधी प्रत्यारोपणाला वर्षे उलटल्यावर, काही रुग्णांच्या मूत्रपिंडांच्या गाळणीवर जीव्हीएचडीचा हल्ला होतो आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात गळू लागते. पायांवर सूज दिसण्याआधी ते ओळखता यावे म्हणून, बरा होऊन कामाला लागलेल्या माणसाकडूनही लघवीचा नमुना ठरावीक मुदतीने मागितला जातो.